तिकीट विमानाचे, हिशोब उंबऱ्यापासून

सातारा जिल्ह्यात कराडजवळ वारुंजीला धावपट्टी आहे. सांगलीजवळ कवलापूरला धावपट्टीची जागा आहे. पण तिकीट काढून बसावे असे प्रवासी विमान या दोन्ही ठिकाणी मिळत नाही. निवडणुका आल्या की विमानतळाची चर्चा रंगते, निवडणुका सरल्या की ती विरते, आणि प्रवासी पुन्हा एसटीच्या फलाटावर येऊन उभा राहतो. तरीही ग्रामीण महाराष्ट्रात विमानप्रवास अंगवळणी पडलेली माणसे शोधायची झाली, तर ती खानापूर, आटपाडी, तासगाव, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यात हमखास सापडतील. कारण गलाई.

जुने सोने-चांदी आटवून शुद्ध करून देण्याचा हा धंदा. पावसाने पाठ फिरवलेल्या गावांतली पोरे मुशीपुढे बसायला परमुलखात गेली. आधी दुसऱ्याच्या दुकानात राबली, मग स्वतःचे आटणीचे दुकान टाकले, मग भाऊ, मेहुणा, भाचा असे एकेकाला बोलावून घेतले. आज केरळपासून पंजाबपर्यंत जिथे सराफ बाजार आहे तिथे विटा-आटपाडीकडचा मराठी माणूस भेटतो, दिल्लीतही भेटतो. दुकान तिकडे, म्हातारे आईवडील, शेत आणि कुलदैवत इकडे. त्यामुळे वर्षाला दोन-तीन फेऱ्या ठरलेल्या: गावची जत्रा, दिवाळी आणि उन्हाळ्यातली लग्ने. पूर्वी याला एकच उत्तर होते, मिरजेहून गोवा एक्स्प्रेस आणि दीड दिवसाचा प्रवास. गाडी आजही आहे आणि स्लीपरच्या भाड्याशी विमानाची बरोबरी कधीच होणार नाही. पण आटणीचे दुकान चार दिवस जास्त बंद राहिले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. त्या चार दिवसांचे मोल धरले की विमान परवडू लागते. म्हणून या प्रकरणात विटा ते दिल्ली हाच मार्ग धरून बोलू. साताऱ्याच्या किंवा मिरजेच्या वाचकाने आपापली अंतरे त्यात घालावीत.

विमानतळ दारात नाही याचा एक फायदाही आहे, आणि तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. दारात विमानतळ असलेला माणूस दुसरीकडे पाहतच नाही. सांगली-साताऱ्याच्या माणसाला मात्र कुठे तरी जावेच लागते, म्हणून तो तीन-चार ठिकाणचे भाव पाहू शकतो. कोल्हापूरचे उजळाईवाडी सांगलीहून पन्नासेक किलोमीटरवर आहे. साताऱ्याहून पुण्याचे लोहगाव सव्वाशे किलोमीटरच्या आत येते. आणि विट्याची गंमत अशी की कराडमार्गे पुणे आणि मिरजेमार्गे बेळगावचे सांबरा, दोन्ही दोनशे किलोमीटरच्या आसपास. याशिवाय मुंबई आहेच. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईची प्रवासी उड्डाणेही सुरू झाली आहेत आणि तिथे पोचायला मुंबई शहर ओलांडावे लागत नाही.

यात कोल्हापूर सांगलीला सर्वांत जवळचे, आणि जुनेही. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात ५ जानेवारी १९३९ रोजी ते सुरू झाले, पण पुढची कित्येक वर्षे तिथे नियमित प्रवासी सेवा टिकली नाही. ती नेटाने सुरू झाली २०१८ च्या डिसेंबरात, ‘उडान’ योजनेखाली हैदराबाद आणि बंगळुरूसाठी. नवे टर्मिनल मार्च २०२४ मध्ये झाले. तरी इथले भाडे अनेकदा पुण्यापेक्षा चढे दिसते आणि लोक चिडतात, की विमान लहान आणि भाडे मोठे कसे? उत्तर प्रश्नातच आहे. लोहगावहून उडणाऱ्या एअरबसमध्ये १८० च्या पुढे जागा असतात, कोल्हापूरला येणाऱ्या एटीआर किंवा एम्ब्रेअरमध्ये ऐंशीच्या आत. वैमानिक दोघेच, जमिनीवरची माणसे कमी-अधिक तेवढीच, पण खर्च वाटून घेणारे प्रवासी निम्म्याहून कमी.

‘उडान’ने हा तोटा काही काळ भरून काढला. या योजनेतले पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमल्याहून दिल्लीला गेले. साधारण तासाभराच्या उड्डाणाला निम्म्या जागा अडीच हजार रुपयांच्या मर्यादेत द्यायच्या आणि कंपनीची तूट सरकारने भरायची, अशी ही रचना. ही भरपाई एका मार्गावर तीन वर्षेच मिळते. म्हणून काही मार्ग वाजतगाजत सुरू होतात आणि मुदत सरली की गपचूप बंद पडतात. भरपाईचा पैसा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार लावून उभा केला जातो. म्हणजे पुणे-दिल्ली विमानात बसलेला खानापूरकर कोल्हापूरच्या विमानाला नकळत हातभार लावत असतो. पुढच्या वेळी तिकिटावरची आकारांची यादी बोट ठेवून वाचा. मूळ भाडे, विमानतळाचे वापरकर्ता विकास शुल्क, सुरक्षा शुल्क, प्रादेशिक सेवेचा आकार, इकॉनॉमी वर्गाचा पाच टक्के जीएसटी आणि तळाशी, संकेतस्थळाने हळूच घातलेले ‘सुविधा शुल्क’. यातल्या कोणत्या ओळीचा पैसा कोणाकडे जातो हे माहीत असणे पुढे उपयोगी पडते.

आता मूळ भाड्याकडे येऊ. एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे का दिले, हा प्रश्न पहिल्यांदा विमानात बसणारा प्रत्येक जण विचारतो. तासगावच्या माणसाला हे समजावणे सोपे आहे. द्राक्षाला उठाव मिळाला नाही तर बेदाणा करून शीतगृहात ठेवता येतो. विमानातल्या रिकाम्या जागेचा बेदाणा होत नाही. विमान उडाले की ती जागा कायमची गेली. म्हणून कंपनीला दोन भीती असतात. जागा रिकामी जाईल ही एक, आणि आज स्वस्तात विकली तर उद्या गरजू माणूस जास्त पैसे घेऊन येईल तेव्हा जागाच नसेल ही दुसरी. १९७२ मध्ये ब्रिटनच्या बीओएसी कंपनीतल्या केन लिटलवूड यांनी या दोन भीतींचे गणित मांडले. समजा, स्वस्त गिऱ्हाईक आज चार हजार देतो आहे आणि शेवटच्या आठवड्यात दहा हजार देणारा मिळण्याची शक्यता शंभरात चाळीस आहे. दहा हजारांचे चाळीस टक्के म्हणजे चार हजारच. इथे पारडे समान झाले. शक्यता याहून जास्त असेल तर जागा राखून ठेवायची, कमी असेल तर विकून मोकळे व्हायचे. १९७८ मध्ये अमेरिकेने भाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठवले, त्यानंतर अमेरिकन एअरलाइन्सने हेच गणित संगणकावर चढवले आणि १९८५ मध्ये त्याच्या जोरावर नव्या स्वस्त कंपन्यांना टक्कर दिली. आपल्याकडे सरकारी मक्तेदारीचा १९५३ चा कायदा १९९४ मध्ये रद्द झाला. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने बंगळुरू-हुबळी विमान सोडले, पुढे एक रुपयाचे तिकीट गाजले आणि २००५-०६ मध्ये स्पाइसजेट व इंडिगो आल्या. मक्तेदारी संपल्यापासून भाडे ठरवणे हे एरवी कंपनीचे काम आहे, सरकारचे नाही.

व्यवहारात हे गणित कप्प्यांच्या रूपाने चालते. काही जागा सर्वांत स्वस्त कप्प्यात, काही त्यावरच्या, काही त्याहूनही वरच्या. खालचा कप्पा संपला की वरचा उघडतो. मंगळवारी रात्री बारानंतर तिकीट स्वस्त होते, मोबाइलची ‘गुप्त’ विंडो वापरली की कंपनी फसते, असल्या गोष्टी गावोगाव ऐकू येतात. त्यांच्यामागे लागून कोणी श्रीमंत झालेला नाही. कप्पे ओळखणाऱ्याचे पैसे मात्र खरोखर वाचतात. एक उदाहरण पाहा. कुटुंबात पाच माणसे. पाच तिकिटे एकदम मागितली आणि स्वस्त कप्प्यात तीनच जागा उरल्या असतील, तर संगणक सहसा पाचही जणांना वरच्या कप्प्याचा भाव सांगतो. आधी एका माणसाचा भाव पाहा, मग पाचांचा पाहा. दोन्हींत फरक दिसला तर आधी तीन तिकिटे काढा, मग दोन. फक्त लहान मूल आणि म्हातारे माणूस एकाच तिकिटावर सोबत्याशी जोडलेले असू द्या, नाहीतर विमान बदलायची वेळ आली तर आजी एकीकडे आणि सून दुसरीकडे. आणि दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला स्वतंत्र जागा आणि भाडे लागते, हे आधीच धरून चाला. मांडीवर घेऊ म्हणून भागत नाही.

तारखेच्या बाबतीत दुष्काळी पट्ट्याचा प्रवासी मुंबई-पुण्याच्या नोकरदारापेक्षा नशीबवान आहे. नोकरदाराची रजा साहेबाच्या मर्जीवर. जत्रेची तिथी पंचांगात. खरसुंडीच्या सिद्धनाथाची चैत्री यात्रा, म्हसवडचा मार्गशीर्षातला रथ, पालच्या खंडोबाची पौषातली यात्रा, यांचा दिवस नवे कॅलेंडर भिंतीवर टांगले की कळतो. इतक्या आधी तारीख माहीत असूनही तिकीट मात्र गावाकडून ‘कधी येताय?’ असा फोन आल्यावर काढले जाते. दीड-दोन महिने आधी काढले तर खालचा कप्पा मिळण्याचा संभव बराच असतो. त्याहून फार आधी काढण्यातही हशील नाही, कारण वेळापत्रक बदलते आणि कंपनी उड्डाणच हलवते.

शिवाय जत्रा गावापुरती असते. खरसुंडीच्या यात्रेसाठी दिल्ली-पुणे विमानाची मागणी वाढत नाही. दिवाळीची तऱ्हा वेगळी, पण तिथेही गलाईवाल्याच्या पदरात एक सोय पडते. पुण्यात शिकणारे आणि आयटीत नोकरी करणारे उत्तरेकडचे तरुण दिवाळीच्या आधी दिल्लीकडे निघतात आणि छटपूजा उरकून परततात. गलाईवाला नेमका उलट, दिवाळीआधी दिल्लीहून पुण्याकडे. गर्दीच्या उलट दिशेने जाणाऱ्याला विमान तुलनेने मोकळे मिळते, कारण पुण्याहून भरून गेलेले विमान कंपनीला परत आणावेच लागते. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. पुणे-दिल्ली आणि दिल्ली-पुणे अशा दोन्ही दिशांचे त्या आठवड्यातले भाव शेजारी ठेवून पाहिले की हे लगेच कळेल.

लग्नसराईत अशी सूट नाही. तिथे पंचांग सगळ्या देशाला एकाच वेळी हलवते. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. अधिकात लग्ने होत नाहीत, तिकडे उत्तरेतही नाहीत. म्हणजे एरवी मे अखेरपर्यंत पसरणारी लग्ने त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे दाटणार. अशा वर्षी एप्रिल-मेचे तिकीट नेहमीपेक्षा आधी बघावे. घरातल्या कोणाला नुसते आईवडिलांना भेटायला यायचे असेल, तर अधिक महिना वाईट नाही. जावयाचे अधिकाचे वाणही त्यातच उरकते.

आता उंबऱ्यापासूनचा हिशोब. समजा, विट्यातल्या चौघांना दिल्लीला परतायचे आहे. पुण्याहून तिकीट माणशी ५,२०० रुपये, बेळगावहून ६,४००. चौघांचा फरक ४,८०० रुपये. बहुतेक लोक इथेच पेन खाली ठेवतात आणि पुणे घेतात. पण पुण्याचे ते स्वस्त विमान पहाटे साडेपाचचे आहे. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. प्रवासी विमानांना तिथे वाट्याला येणाऱ्या वेळा मर्यादित, त्यामुळे रात्रीची आणि पहाटेची उड्डाणे भरपूर. साडेपाचच्या विमानासाठी साडेतीनला दारात हवे. म्हणजे विट्याहून आदल्या रात्री जेवून निघायचे, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे टोलनाके ओलांडायचे, कात्रज आणि नवले पुलाच्या वाहतुकीतून अख्खे शहर पार करून पलीकडच्या टोकाला जायचे. मोटार भाड्याने केली तर येण्याजाण्याचे पैसे मोजावे लागतात, आणि बेळगावचे अंतर जवळजवळ तेवढेच असल्याने तिथे काही वाचत नाही. वाचते ती रात्रीची झोप आणि शहरातले दोन तास. इंडिगोने बेळगाव-दिल्ली थेट विमान ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू केले, तेव्हापासून हा पर्याय कागदावर घेण्यासारखा झाला. मात्र एका मार्गावर एकच विमान असते तेव्हा ते रद्द झाले की त्या दिवशी दुसरे नाही. पुण्याहून दिल्लीला दिवसभर विमाने असतात.

एसटीने गेलात तर हाच हिशोब फिरतो. एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे. पण ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. आजी, आई, सून आणि नातवंडे अशी मंडळी असतील तर स्वारगेटला उतरणे फार स्वस्त पडते आणि पुण्याचे तिकीट खरोखरच स्वस्त ठरते. तरणेताठे दोन भाऊ असतील तर फरक किरकोळ. जाताना एक विमानतळ आणि येताना दुसरा घ्यायलाही हरकत नाही. आपल्याकडे देशांतर्गत भाडे एकेरी ठरते, जाण्यायेण्याचे एकत्र काढण्यात फारसा फायदा नसतो.

कोल्हापूरहून हैदराबाद किंवा बंगळुरूला उतरून दिल्लीचे विमान पकडणे हा तिसरा मार्ग. तो घ्यायचा तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांची सुटी तिकिटे जोडून हजार रुपये वाचतात खरे, पण उजळाईवाडीचे विमान पावसाळ्यात दोन तास उशिरा निघाले आणि पुढचे चुकले, तर दुसऱ्या कंपनीचे तुमच्याशी काही देणेघेणे नाही. नवे तिकीट त्या दिवसाच्या भावाने.

पैसे भरताना नावाकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. आधारवर जे नाव तेच तिकिटावर. आपल्याकडे मधले नाव कुठे वडिलांचे, कुठे नवऱ्याचे, आणि लग्नानंतर आडनाव बदलूनही आधार माहेरचेच राहिलेले असते. घरात हाक मारायचे नाव तिकिटावर घातल्याने दारावर अडलेली माणसे आहेत. जागा निवडण्याचे पैसे टाळता येतात. चेक-इनच्या वेळी कोणती तरी जागा फुकट मिळतेच. आधीच टिचकी मारून ठेवलेला विमा नको असेल तर काढून टाका. सामान साधारणपणे पोटात पंधरा किलो आणि हातात सात किलो. येताना हे पुरते, जाताना ज्वारी, शेंगा आणि पापड-कुरडयांनी मोडते. जादा किलो विमानतळावर महाग आणि तिकिटासोबत आधी घेतले तर स्वस्त. आणि गलाईवाल्यांसाठी खास: तेजाबाची बाटली कोणत्याच सामानात चालत नाही, रिकामी पण वास मारणारी असली तरी तपासणीत अडकते. सोने नेत असाल तर बिले सोबत ठेवा.

सातारा जिल्ह्यातला दुसरा मोठा प्रवासी म्हणजे जवान. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात घरटी माणूस फौजेत. त्याची रजा केव्हा मंजूर होईल सांगता येत नाही, म्हणून दीड महिन्याचा वर दिलेला सल्ला त्याच्या कामाचा नाही. त्याने सैनिकांसाठीचे सवलतीचे भाडे पाहावे. प्रमुख कंपन्या ते देतात, काही जण जादा सामानही नेऊ देतात. ओळखपत्र दारावर दाखवावे लागते. विद्यार्थ्यांसाठीही असेच भाडे असते.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणे देशभर शेकड्यांनी रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते आणि कंपनीची तयारी अपुरी पडली. देशातल्या दर दहा विमानप्रवाशांपैकी सहांहून अधिक जण एकाच कंपनीने जातात, तिचे कोलमडणे म्हणजे सगळ्यांचेच कोलमडणे. उरलेल्या विमानांचे भाव इतके चढले की सरकारला ६ डिसेंबरला कमाल भाडे ठरवून द्यावे लागले: पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, हजारपर्यंत बारा, दीड हजारपर्यंत पंधरा आणि त्यापुढे अठरा हजार. नेमके लग्नाचे मुहूर्त होते. हळदीच्या दिवशी सकाळी उतरणारे विमान कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये, हे माझे मत त्या आठवड्याने पक्के केले. एक दिवस आधी या.

कंपनीने वेळेवर न कळवता विमान रद्द केले, तर पैसे परत किंवा दुसरे विमान हा तुमचा हक्क आहे, आणि कारण कंपनीच्या हातातले असेल तर उड्डाणाच्या लांबीनुसार पाच ते दहा हजारांपर्यंत, पण तिकिटाच्या मूळ भाडे आणि इंधन आकारापेक्षा जास्त नाही, अशी भरपाईही. प्रवास तुम्ही स्वतः रद्द केला तर विमान वाहतूक महासंचालनालयाचा (डीजीसीए) नियम असा की कंपनी मूळ भाडे आणि इंधन आकार एवढेच कापू शकते. विमानतळाची शुल्के आणि कर तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असले तरी परत द्यावे लागतात. तिकीट एजंटामार्फत काढले असले तरी परतफेडीची जबाबदारी कंपनीचीच असते. आता काही हाती लागणार नाही असे म्हणून तिकीट तसेच सोडून देऊ नका. विमान सुटण्याआधी रद्द करा, कराची रक्कम मागा, आणि टाळाटाळ झाली तर सरकारच्या ‘एअरसेवा’वर तक्रार नोंदवा.